सबंध हिरवी ओळ

"माझ्या मोबाइलमध्ये शिरायचं असेल, तर चोराला आधी माझा अंगठा लागेल, मग माझा चेहरा लागेल! आणि एवढं करूनही त्याच्या हाती काही लागायचं नाही. कारण आत मी काही ठेवतच नाही!"

बाटल्यांच्या कारखान्यातल्या कॅन्टीनमध्ये मुरतंयकाका हे छाती पुढे काढून सांगायचे आणि ऐकणारे निमूटपणे चहात बघत बसायचे. काकांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कुणाला तरी आठवायचं. एरवी दिवे गेले, चहा पातळ झाला किंवा साहेब हसले, तरी काका डोळे बारीक करून म्हणणार, "कुठेतरी पाणी मुरतंय!" त्यावरून नाव पडलं आणि चिकटलं.

यंत्रांवर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर त्यांनी चिकटपट्टी लावली होती. ती पारदर्शक आहे हे लक्षात आल्यावर तिच्यावर पुठ्ठा लावला. एकदा ते घरात "गुडघा दुखतोय" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर मलमाची जाहिरात आली! तेव्हापासून गुडघ्याबद्दल ते बायकोशी फक्त खुणांनी बोलत. आणि मोबाइलवरचे खेळ? ते म्हणजे चोराला आपण होऊन दिलेली घराची किल्ली. तुम्ही पुढे रंगीत गोळ्या फोडत बसा, तो मागच्या दाराने सगळं घेऊन जातो!

त्यांची आई मात्र दिवसभर रंगीत गोळ्याच फोडत असे. काकांनी नवा मोबाइल घेतला, तेव्हा जुना बायकोने परस्पर सासूबाईंना देऊन टाकला.

"अगं, पण त्यात खेळ घातलास?" काका हादरले.

"अहो, त्यांचं काय चोरणार कुणी? कवळी?" बायको म्हणाली. काकांनी खुणेने गुडघा दाखवला आणि विषय बदलला.

काकांचं कारखान्यातलं काम एकच, पण वजनदार. कोणी सकाळपाळीला यायचं, कोणी दुपारपाळीला, कोणी रात्रपाळीला आणि कोणाला सुट्टी, हे सगळं काका ठरवायचे. पेन्सिल आणि खोडरबरच्या काळापासून हे काम त्यांच्याकडे होतं. त्यामुळेच लोक त्यांना चहा पाजत, दारात वाट देत, पोराच्या लग्नाची तारीख आधी त्यांना सांगत. पाळ्या गेल्या तर आपल्याला कुत्रं विचारणार नाही, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

नवा मोबाइल घ्यायच्या जरा आधीच ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं होतं. सगळ्या पाळ्या एका तक्त्यात! प्रत्येक माणसाची एक ओळ, प्रत्येक दिवसाचा एक चौकोन. सकाळपाळी हिरवी, दुपारपाळी पिवळी, रात्रपाळी निळी, सुट्टी लाल. चौकोनावर बोट ठेवलं की चारही रंग येतात, हवा तो निवडायचा. तक्ता ऑफिसातूनही भरता येतो, मोबाइलवरूनही.

"दिसायला एवढं सोपं आहे, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय!" काका म्हणाले.

आणि खरंच मुरत होतं.

एका सकाळी भट्टीवरचे तिन्ही कामगार एकदम सुट्टीवर! काचेची भट्टी कधी विझू द्यायची नसते. शेवटी साहेब स्वतः टाय खांद्यावर टाकून भट्टीसमोर उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत टोमॅटोसारखे लाल झाले. दुसऱ्या दिवशी पॅकिंगची सगळी माणसं रात्रपाळीला हजर. पॅक करायला एक बाटली नाही! त्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या जांभया मोजल्या. त्यानंतर काका रोज संध्याकाळी तक्ता चौकोन चौकोन तपासून सरळ करत आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर तो पुन्हा बिघडलेला असे.

काकांनी कॉम्प्युटर विभागातल्या बाईंना आपल्या कॉम्प्युटरपाशी बोलावलं. बाईंनी शांतपणे दोन कळा दाबल्या.

"बदल कोणी केले ते इथे दिसतं. हे बघा, सगळे तुमच्याच नावावर आहेत."

"माझ्या नावावर? दुपारी तर मी कॅन्टीनमध्ये असतो! म्हणजे चोराने माझं नाव चोरलं!"

"मग पासवर्ड बदला. बाकी सगळीकडून तुमचं खातं आपोआप बंद होईल."

"वा! तेच तर हवंय त्याला!" काकांनी आवाज खाली आणला. "मी पासवर्ड बदलायला बसणार, तो मागे उभा राहून बघणार! आणि बाई, पासवर्ड बदलण्याची तुम्हाला एवढी घाई का?"

बाईंनी एकदा पुठ्ठा लावलेल्या कॅमेऱ्याकडे बघितलं, एकदा काकांकडे बघितलं आणि त्या आपल्या कामाला लागल्या.

काकांनी मग संशयितांचा विचार सुरू केला. बाई तर झाल्याच. पण खरा संशय त्या तिघांतल्या एका भट्टीवाल्यावर होता. या गोंधळात त्याला सलग तीन दिवस सुट्टी मिळाली होती आणि तो बहिणीकडे जाऊन चक्क गुबगुबीत होऊन परतला होता!

"तूच केलंस हे!" काकांनी त्याला भर कॅन्टीनमध्ये गाठलं.

"मी? काका, मला मोबाइलवर आलेला फोन नीट उचलता येत नाही. बोलायच्या आधी दोनदा कट होतो!"

"असंच म्हणतात सगळे चोर!"

भट्टीवाला दुखावला. वीस माणसांसमोर चोर म्हटल्यावर कोण दुखावणार नाही? तो तडक साहेबांकडे गेला. साहेबांनी काकांना बोलावलं. त्यांचं नाक अजून भट्टीमुळे सोलवटलेलं होतं.

"हे बघा, आता आणखी एकदा घोळ झाला, तर पाळ्या तुमच्याकडून काढून घेतो. ते सॉफ्टवेअर म्हणे आपलं आपण लावतं. माणूसच नको!"

त्या संध्याकाळी काका घरी आले तर जेवणावर लक्ष लागेना. आई समोर मोबाइलवर बोट आपटत बसली होती.

"मेला तो गोळ्यांचा खेळ," ती कुरकुरली, "सारखे आपले खेळातले जीव संपतात नि म्हणतो थांबा. म्हणून दुसरा शोधला, तर त्यात—"

"आई, माझी नोकरी पणाला लागलीय आणि तुला खेळ सुचतायत!" काका ओरडले. आईने तोंड फिरवलं आणि रुसून आत निघून गेली.

विचार करकरून काकांनी सापळा रचला. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर सगळ्यांना मोठ्या खोलीत जमवलं. आपला कॉम्प्युटर तिथे आणून भिंतीवरच्या पडद्यावर तक्ता लावला. प्रत्येकाचा मोबाइल बाटल्यांच्या रिकाम्या खोक्यात जमा केला, साहेबांचासुद्धा! सगळ्यांचे हात टेबलावर ठेवून घेतले.

"आता तक्ता बिघडणार नाही," काका म्हणाले. "कारण चोर याच खोलीत आहे!" आणि त्यांनी भट्टीवाल्याकडे असं बघितलं की तो खुर्चीत आणखी खाली सरकला.

कोणी खोकलं तरी काका वळून बघत.

आणि पडद्यावरचा एक पिवळा चौकोन लाल झाला!

"आँ!" साहेब उठलेच. शेजारचा चौकोनही लाल. त्याच्या शेजारचाही! बदल करणारा म्हणून वर काकांचं नाव झळकत होतं. सगळ्यांनी काकांच्या हातांकडे बघितलं. काकांनीही बघितलं. हात टेबलावरच होते.

"भूत!" पॅकिंगमधून कोणीतरी पुटपुटलं.

एवढ्यात खोक्यात एक मोबाइल वाजला. काकांचा! मोबाइलवर नाव आलं होतं: आई.

"घ्या," साहेब म्हणाले. "सगळ्यांना ऐकू येईल असा घ्या."

काकांनी स्पीकर लावला.

"अरे, कालच्या ओरडण्यानंतर बोलणार नव्हते तुझ्याशी," आईचा आवाज खोलीभर घुमला, "पण आता हद्द झाली! तुझ्या या जुन्या फोनमध्ये चोर शिरलाय!"

"चो... चोर?"

"तर काय! या रंगीत चौकोनांच्या खेळात मी दुपारी जेवून उठले की तीन-तीनच्या ओळी लावते. लाल, लाल, लाल. आणि रोज संध्याकाळी कोणीतरी मेला त्या मोडून ठेवतो! बरं, तीन लागल्या तरी फुटत काहीच नाही. जीव जात नाहीत म्हणून खेळते इतकंच. पण मला आलाय संशय. कुठेतरी पाणी मुरतंय!"

मग कॉम्प्युटरच्या बाईंनी रुमाल तोंडात कोंबला आणि साहेबांचं सोललेलं नाक थरथरू लागलं. काकांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. जुन्या मोबाइलमध्ये तो तक्ता त्यांनी स्वतःच घातला होता आणि फोन आईकडे गेला, तेव्हा काढायचा राहिला होता!

भट्टीवाला इतका वेळ खाली सरकून बसला होता. तो हळूहळू वर आला. त्याची नजर पडद्यावर, सगळ्यात वरच्या ओळीवर होती.

"आजी," तो फोनकडे वाकून म्हणाला, "तुम्ही सगळ्या ओळी हलवल्यात. वरची पहिली का नाही हलवली?"

"ती कशाला हलवू? ती कोणीतरी आधीच पूर्ण केलीय. महिनाभर सबंध हिरवी! ना एक निळा, ना एक पिवळा. बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मला चष्म्यातून दिसत नाही. पण बाबा, सरळ खेळून एवढी ओळ लागत नाही हो. ज्याची कोणाची असेल त्याने लबाडी केलीय!"

आता सगळेच वर बघू लागले. बाजूचं अक्षर बारीक होतं, पण पडदा मोठा होता. वरची ओळ काकांची होती. पेन्सिलीच्या काळापासून काका फक्त सकाळपाळीलाच येत होते, आणि इतकी वर्षं ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पॅकिंगवाले रात्रपाळ्या आठवून एकमेकांकडे बघत होते.

काका पुठ्ठा लावलेल्या कॅमेऱ्याकडे बघत राहिले. बघण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

"पाळ्या तुम्हीच लावा," साहेब शेवटी म्हणाले. काकांचा जीव भांड्यात पडला, पण साहेबांचं बोलणं संपलं नव्हतं. "फक्त वरची ओळ सोडून. ती आजी लावतील."

"मी?" आई खूश झाली. "लावते की! कुठला रंग लावू?"

"निळा!" सगळी खोली एका सुरात म्हणाली.

"तीन लावते. पण फुटतील का रे ते तरी?"

"काकांना घाम तर नक्की फुटेल, आजी!" भट्टीवाला म्हणाला. "तुम्ही लावा तर! भट्टीपाशी माणूस हवाच आहे."