खडखड तपास समिती, आठवी गल्ली

जगात कोणतंही यंत्र बिघडल्याशिवाय दुरुस्त होत नाही, आणि कोल्हापुरात कोणतंही यंत्र एकट्यानं दुरुस्त करता येत नाही. पहिला नियम विज्ञानाचा आहे. दुसरा त्याहून कडक आहे.

राजारामपुरीतल्या आठव्या गल्लीतले दत्तोपंत नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी भलीमोठी क्रूझर मोटारसायकल घेतली. वजन दोनशे चाळीस किलो (दत्तोपंतांसह तीनशे एक). हेतू उदात्त होता. त्यांच्या पत्नी कालिंदीबाईंनी चौतीस वर्षं स्कूटरच्या मागच्या सीटवर, मांडीवर ज्वारीची पिशवी घेऊन काढली होती. आता त्यांना ऐसपैस बसवून पेठ वडगावला माहेरी न्यायचं, असा शब्द दत्तोपंतांनी दिला. बाईंनी हौसेनं गॉगल घेतला. भावाला फोन करून दारात उभं राहायला सांगितलं. त्याला आता चौदा महिने झाले (भाऊ मधूनमधून आत जाऊन जेवून येतो).

उशिराचं कारण एकच. गाडीतून खडखड असा आवाज येत होता. आपली गाडी आपण घरीच बघायची, हे दत्तोपंतांचं तत्त्व. पहिल्या रविवारी पार्किंगमध्ये पोतं अंथरून त्यांनी पाना उचलला तेव्हा ते एकटे होते. पाना बोल्टला लागेपर्यंत सात जण झाले. पाना हातात असलेल्या माणसाला एकटं सोडणं आमच्याकडे उद्धटपणाचं समजतात, आणि दारात आलेल्याला जेवल्याशिवाय घालवणं हे तर पापच. अशा रीतीनं खडखड तपास समिती अस्तित्वात आली. क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे सयाजीराव अध्यक्ष झाले, कारण त्यांचा आवाज गाडीपेक्षा मोठा होता.

समितीचं काम अत्यंत शिस्तीत चाले. नऊला गाडी चालू करून आवाज ऐकणे, साडेनऊला मतभेद, दहाला चहा, अकराला उरलेले मतभेद, एकला तांबडा-पांढरा रस्सा. चौदा महिन्यांत गाडीला अडीच लिटर ऑइल लागलं. समितीला तीनशे दहा लिटर रस्सा लागला (तांबडा दोनशे, पांढरा एकशे दहा).

आवाज सापडेना, तेव्हा समितीनं गाडीच सुधारायला घेतली. हँडल इतकं उंच केलं की गाडीवर बसलेले दत्तोपंत पोलिसांना शरण आल्यासारखे दिसत. मागची सीट काढून जिन्याखाली टाकली, कारण नाहीतरी तिच्यावर कोणी बसत नव्हतं. कालिंदीबाई त्या वेळी वर समितीसाठी खोबरं भाजत होत्या. कळलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण खोबरं करपलं असतं, म्हणून त्या लगेच आत गेल्या.

मग एका रविवारी उचगावचे मौलाली मिस्त्री दुसऱ्या मजल्यावरचा नळ बदलायला आले. जाता जाता गाडीपाशी क्षणभर थांबले.

"साइड स्टँडचा स्प्रिंग सैल हाय. पाच मिन्टाचं काम की."

समितीनं घड्याळाकडे पाहिलं. मटण शिजायला अजून पाऊण तास होता.

"पावणं," सयाजीराव म्हणाले, "एवढं सोपं असतं तर आमी सात माणसं चौदा म्हैनं हितं माशा मारतोय व्हय?"

युक्तिवाद बिनतोड होता. मिस्त्रींचं मत बहुमतानं फेटाळण्यात आलं.

कालिंदीबाईंनी मात्र ते खिडकीतून ऐकलं होतं. मंगळवारी दत्तोपंत भाजी आणायला गेल्यावर त्यांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं. नवा स्प्रिंग बसवला, जिन्याखालची सीट जागेवर आली. एकूण वेळ सतरा मिनिटं (पैकी सहा चहाची).

"आता जावा बिनघोर वडगावला, वैनी," मिस्त्री म्हणाले.

पुढच्या रविवारी नऊला गाडी चालू केली. खडखड नाही. समितीवर शोककळा पसरली. सीट परत आलेली कोणाच्या लक्षातही आली नाही. तेवढ्यात कालिंदीबाई इरकल नेसून, गॉगल लावून, पिशवी घेऊन खाली उतरल्या.

"झाली न्हवं गाडी? चला की मग."

दत्तोपंतांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

"आवाज गेला न्हाय, वैनी," सयाजीराव गंभीरपणे म्हणाले. "आत गेलाय. भायेर हुता तवर बरा हुता."

साडेनऊला इंजिन सुटं होऊन पोत्यावर मांडलं गेलं.

"धाच मिन्टं, कालिंदी," दत्तोपंत काळे झालेले हात पुसत म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, पण अध्यक्ष बघत होते.

"सावकाश करा. पातेलं गॅसवर हाय, येकला तेवढं उतरवा," एवढं सांगून बाई फाटकातून बाहेर पडल्या.

एकला पातेलं उतरवलं. रस्सा होता, रंग होता, वर बोटभर तवंग होता. मटणाचा तुकडा नव्हता. समितीनं प्रकरण तातडीनं हाती घेतलं. एकाचं मत पडलं, तळाला बसलं असेल. दुसरा म्हणाला, आच मोठी होती, विरघळलं. अध्यक्षांनी पातेल्याला कान लावला. चार वाजेपर्यंत मतभेद चालले, आणि इंजिनाचे सुटे भाग पोत्यावर तसेच राहिले.

सुज्ञ वाचकांचंही याबाबत काही मत झालंच असेल. बाईंनी मटण डब्यात भरून माहेरी नेलं, की मुळात घातलंच नव्हतं? खडखड खरंच स्प्रिंगचीच होती का, अशीही काहींना शंका असेल. सगळी मतं आदरपूर्वक नोंदवून घेतली जातील. फक्त बाई वडगावला गेल्या कशा, आणि पोचल्या का, हे विचारायचं तुमच्याही डोक्यात आलं नाही. समितीत आठवी जागा तुमच्यासाठी ठेवली आहे.