रुग्णवाहिकेच्या चालकाचा गणवेश

"कंबर दोन बोटं सैल ठेवजो, भाभी. बसून बसून पोट सुटून राह्यलं माह्यं," श्रावण कुरकुरला.

शमीमने टेप गळ्यात टाकली नि मान डोलावली. श्रावण नगरपंचायतीच्या रुग्णवाहिकेचा चालक. रुग्णवाहिका चार वर्षांपासून कचेरीसमोर विटांवर उभी होती आणि तिच्या बोनेटखाली मांजर व्याली होती. पण पद मंजूर होतं, म्हणून पगार मंजूर होता, म्हणून दरसाल गणवेशही मंजूर होता. दसऱ्याला अध्यक्ष रुग्णवाहिकेला झेंडूचा हार घालत आणि सगळा चौक टाळ्या वाजवी. शमीमही वाजवी. गणवेश तिच्याकडेच शिवायला येई.

तिचं दुकान म्हणजे समोरच उभी असलेली नवऱ्याची जुनी मॅटाडोर. नूर मोहम्मद होता तोवर ती मार्कंड्याच्या जत्रेला माणसं वाहून नेई. तो गेला, मग इंजिन विकलं गेलं नि बाकांच्या जागी शिलाई मशीन बसली. घर त्या मशीनवर चाले.

अशात बेवारस व नादुरुस्त वाहनं हटवण्याचा ठराव झाला. ज्या वाहनाखाली गवत उगवलं, ते नादुरुस्त. दुसऱ्या दिवशी सगळं गाव आपापल्या गाड्यांखाली शिरून गवत उपटू लागलं. तेव्हा ठरावाला दुरुस्ती जोडली गेली: गवत नसणे हा गवत उपटल्याचा पुरावा समजावा.

नगरपंचायतीचे प्रफुल साहेब पथक घेऊन मॅटाडोरपाशी आले.

"बेवारस कशी जी, साहेब? वारस तं मी इथीच बसून हावो."

"बाई, आपण आहात. वाहन चालत नाही. शहराच्या सौंदर्याला बाधा पोचते."

"आन ते?" चहावाल्या केसरबाईने विटांकडे हनुवटी उडवली.

"ती सेवेत आहे. सेवेतलं वाहन नादुरुस्त होऊ शकत नाही. तशी तरतूदच नाही."

केसरबाई कप विसळू लागली. कचेरीत चहा तिचाच जाई.

आता मॅटाडोर हलवायची कशी? क्रेन नव्हती. क्रेन नसल्यास सेवेतल्या वाहनाने ओढावे, असा नियम होता. सेवेत एकच वाहन होतं.

"श्रावण, गाडी आणा."

श्रावण नव्या, सैल कमरेच्या गणवेशात निघाला, विटांवर चढून स्टिअरिंगमागे बसला नि त्याने किल्ली फिरवली. मांजर बाहेर येऊन आळस देत बसली. चौकातल्या माणसांना एकाएकी आभाळात बघण्यासारखं बरंच काही दिसू लागलं.

"गरम होऊन राह्यली जी," श्रावण आतून म्हणाला.

"होऊ द्या." साहेबांनी खुर्च्या मागवल्या. पथक बसलं, चौक थांबला, केसरबाईने चहा फिरवला. गाडी गरम होत राहिली.

शमीमने कात्री खाली ठेवली.

"ते चालत नाई, साहेब. माह्या नवऱ्याच्या छातीत कळ आली, तवाही नाई चालली. आमची मॅटाडोर तवा गॅरेजात होती, भाजीच्या हातगाडीवर टाकून नेलं त्याले."

मग ती चौकाकडे वळली.

"हातगाडी ढकलाले तुमी सारेच होते की."