बेहडाटोल्याचे बडे गुरुजी

बोरकुटे गुरुजींनी स्वतःची रजा स्वतःच नामंजूर केली, तेव्हा मी बेहडाटोल्याच्या शाळेत मास्तर म्हणून नवीनच होतो.

सकाळची वेळ होती. गुरुजींना सडकून ताप भरला होता. अंगावर घोंगडं पांघरून ते शाळेतल्या एकुलत्या एक टेबलासमोर उभे राहिले आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "बडे गुरुजी, मले लय हिव वाजून राह्यलं जी. आजच्या दिवस सुटी द्या."

मग टेबलाला वळसा घालून ते खुर्चीत बसले, घोंगडं सावरलं आणि आता जिथे कोणीच नव्हतं तिथे बघून गंभीरपणे म्हणाले, "देली असती, बोरकुटे मास्तर. पन आज टपालाचा वार आहे. चार वर्ग आहेत. तुमच्या बदल्यात कोन पाहीन?"

पुन्हा उठून टेबलासमोर. "बराबर आहे जी." आणि कुडकुडत चौथीचं गणित घ्यायला निघाले.

मी दारात उभा राहून हे सगळं पाहत होतो. म्हणालो, "गुरुजी, मी आहे ना! मी घेतो चारही वर्ग."

गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आत्ताच छपरातून खाली उतरलो होतो. "अरे हो! तुमी आले नाई का!" ते म्हणाले, आणि इतके खूश झाले, की रजा मिळूनही अर्धा तास ती घेतलीच नाही. माझ्याशी गप्पा मारत बसले.

माझी नेमणूक होईपर्यंत ही शाळा एकमास्तरी होती. पहिली ते चौथीचे वर्ग, एक लांबलचक मातीची खोली, वर कवेलूंचं छप्पर, आणि या सगळ्यांत मिळून एक बोरकुटे गुरुजी. मास्तर तेच आणि हेडमास्तरही तेच. आमच्याकडे हेडमास्तरांना बडे गुरुजी म्हणतात. छोटे गुरुजी नसताना बडे कोणापेक्षा, हा प्रश्न गावात कोणी विचारत नसे.

चांदा जिल्ह्याच्या जंगलातलं ते गाव. पोंभुर्ण्याच्या बाजारापासून जेमतेम बैलगाडी जाईल अशी जंगलवाट, मग नाला. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती आणि सरकारला गावासाठी बरंच काही करायचं होतं. पण गावात सरकारचा लिहिता-वाचता माणूस एकच. त्यामुळे जे जे करायचं ते बोरकुटे गुरुजींच्या हातून. पोस्ट गुरुजींकडे. हिवतापाच्या कडू गोळ्या गुरुजींकडे. जनगणना, मतदारांची नावं, देवीची लस टोचणाऱ्यांचा मुक्काम, सगळं गुरुजींकडे. एवढंच नाही, तर दुसऱ्याच्या शेतात शिरलेली गुरं ज्यात कोंडून ठेवतात, त्या कोंडवाड्याची किल्लीसुद्धा गुरुजींच्याच कमरेला.

या कामांच्या गर्दीतून त्यांना एक वाक्य चिकटलं होतं. "हे कोन्या खात्यात बसते?" काहीही घडलं की गुरुजी आधी हे विचारत. दाढ दुखली तरी, आणि शाळेच्या आढ्यात मधमाश्यांनी पोळं केलं तरी. एकदा गावातली एक बाई रडत आली. नवरा भांडून डोंगरात निघून गेला होता.

"हे कोन्या खात्यात बसते, बाई?" गुरुजींनी विचारलं.

"कोन्याच नाई जी," ती म्हणाली.

"मंग शाळाखात्यात. बसा."

आणि खरंच, शाळा सुटल्यावर गुरुजी डोंगराकडे गेले आणि नवऱ्याला समजावून घेऊन आले.

मी आल्यावर त्यांना सर्वांत मोठा आनंद झाला तो सभेचा. दर शनिवारी ते "शिक्षकांची सभा" भरवू लागले. सभेला आम्ही दोघे. अध्यक्ष गुरुजी, आभार मी. एकदा पोरांना सकाळी आधी कवायत द्यावी की आधी प्रार्थना, यावर मतं एकास एक अशी सारखी पडली. गुरुजींनी प्रामाणिकपणे निर्णय पुढच्या सभेवर टाकला. तोवर पोरं प्रार्थना म्हणत कवायत करत होती.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, हे मला पगाराच्या वेळी कळलं. पगार तालुक्याला जाऊन आणायचा. चालत, जंगलातून, वाटेत मुक्काम करून. म्हणजे मी येईपर्यंत तेवढे दिवस शाळा बंद, पोस्ट बंद, गोळ्या बंद. पावसाळ्यात नाला भरला की पगारच नाही. मग गुरुजी वाण्याकडे उधारीला जाताना मान खाली घालून जात. आणि हेडमास्तरकीचं वेगळं काही मिळतं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "भेटते ना. साहेबाचा वेगळा दम भेटते."

आसपासच्या गावांतल्या बड्या गुरुजींची हीच गत होती. बोरकुटे गुरुजींनी ठरवलं, की एकट्याने रडण्यात अर्थ नाही. पोंभुर्ण्याच्या बाजाराच्या दिवशी ते चिंचेखाली उभे राहत आणि पिशवी घेऊन जाणाऱ्या प्रत्येक हेडमास्तराला हाक मारत, "या ना गा, बसा ना जी!" हळूहळू चिंचेखाली बरेच जण जमू लागले. बोलायचे सगळे. पण तपासणीला येणाऱ्या साहेबांसमोर बोलायचं म्हटलं की सगळे पिशवीतल्या वांग्यांकडे बघू लागायचे.

"बोरकुटेभाऊ, साहेब चिडले तं सिरोंच्याले बदली करतील," एक म्हातारे हेडमास्तर म्हणाले. "तिथी सारे तेलुगू बोलतात. या वयात काय शिकू मी?"

"मी बोलतो," बोरकुटे गुरुजी म्हणाले. बोलले, आणि लगेच त्यांच्या कपाळावर घाम आला. गावाकडे परतताना सगळ्या वाटेत ते मला विचारत होते, "मास्तर, मी असं काऊन बोललो?"

तपासणीचा दिवस उजाडला. इतर शाळांत तपासणी म्हणजे सडा-रांगोळी, हुशार पोरं पुढे आणि बाकीची त्या दिवशी गुरं चारायला. गुरुजींनी मला बजावलं, "काहीच करायचं नाई. रोज जसं असते तसंच. तुमी पयली-दुसरी घेऊन मोहाच्या झाडाखाली बसा. मी आत." हे सांगता सांगता त्यांनी धोतराचा काष्टा दोनदा सोडून पुन्हा खोचला.

शाळाखात्याचे डेप्युटी साहेब बैलांच्या दमणीतून उतरले. चष्मा, कोट, बोलणं शहरी. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चालू द्या." गुरुजींनी तिसरीला नद्या शिकवायला सुरुवात केली. पहिल्या नदीचं नाव तोंडातून निघायच्या आतच बाहेरून आरडाओरडा आला. बिसनभाऊ आला होता, गावातला सर्वांत तापट शेतकरी.

"गुरुजी! माहा गोऱ्हा कोनं कोंडला? पयले सोडा त्याले! थो वाडा मोडून राह्यला!"

वाडा खरंच मोडत होता. लाकडाचा कडाका आत ऐकू आला. गुरुजी साहेबांकडे वळले. "साहेब, एक मिनिट जी. कोंडवाडा माह्याकडेच आहे. तेवढी तिसरी पाहाल?" आणि उत्तराची वाट न बघता साहेबांच्या हातात खडू देऊन ते पळाले. मी झाडाखालून पाहिलं तेव्हा गोऱ्हा गळ्यात वाड्याचं लाकूड अडकवून धानाच्या बांधावरून चौखूर सुटला होता, त्याच्यामागे गुरुजी, आणि गुरुजींच्या मागे बिसनभाऊ.

साहेब खडू धरून उभेच होते. तेवढ्यात टपालवाला आला. त्याने थैली टेबलावर टाकली. "बडे गुरुजी कुठी?"

"गोऱ्ह्यामागे," पोरांनी एका सुरात सांगितलं.

"मंग तुमीच घ्या जी, मले पुढच्या गावले जायचं आहे," तो साहेबांना म्हणाला आणि निघून गेला. साहेब थैलीकडे बघत असतानाच एक म्हातारी तापाने फणफणलेल्या नातवाला कडेवर घेऊन आली आणि गोळी मागू लागली. साहेबांनी कपाट शोधलं, गोळी शोधली, माठ शोधला. पोराने गोळी चावली आणि साहेबांच्या कोटावर थुंकली. इकडे कोणीच बघत नाही असं पाहून चौथीत मारामारी जुंपली. मी मदतीला उठलो, पण पहिलीची दोन पोरं झाडावर चढली होती, त्यांना खाली उतरवण्यात अडकलो.

बऱ्याच वेळाने गुरुजी आले. गुडघ्यापर्यंत चिखल, एक वहाण पायात, दुसरी बांधावर कुठेतरी. दारातूनच त्यांनी नम्रपणे विचारलं, "साहेब, कोन्या नदीपर्यंत आले जी?"

"एकाही नाही," साहेब म्हणाले आणि खुर्चीत बसले. कपाळ पुसलं. "हे रोज असंच असतं?"

"नाई जी. आज बाजाराचा दिवस आहे. अर्धं गाव बाजारात गेलं, म्हनून जरा शांतता आहे."

साहेबांना हसू फुटलं. पोरंही हसली, त्यांना कशाला ते कळलं नाही. मग साहेब एकदम गंभीर झाले. "इतकी वर्षं तुम्ही वर कळवलं का नाही?"

"कळवलं ना जी. तुमच्या आधीच्या साहेबांनी सांगितलं, हेडमास्तरानं कामाची योग्य वाटनी करावी. मंग केली मी वाटनी. अर्धं मास्तरले देलं, अर्धं बड्या गुरुजीले. दोघंही मीच, थे गोष्ट वेगळी."

हे ऐकून मात्र साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "सांगा, काय करायला पाहिजे?"

गुरुजींचा घाम पुन्हा सुरू झाला, पण ते बोलले. कोंडवाडा शाळेकडून काढा. पगार मनिऑर्डरने गावात येऊ द्या. हेडमास्तरकीचा भार आहे तर त्याचा भत्ता द्या. आणि जंगलातल्या हेडमास्तरांना राहायला घर द्या. "पन माह्या एकट्याचं नका करू, साहेब. इकडच्या साऱ्या बड्या गुरुजींचं करा. थे चिंचेखाली बसून माही वाट पाहून राह्यले."

साहेब म्हणाले, "शब्द देत नाही. पण आज जे पाहिलं ते वर सांगेन." दमणीत बसताना त्यांनी गुरुजींना हात जोडले. गुरुजी इतके गोंधळले, की उलट नमस्कार करायचाच राहिला.

आणि गोष्टी हलू लागल्या. सावकाश, पण हलल्या. आधी कोंडवाडा गेला. त्याची किल्ली कोतवालाच्या हाती दिली त्या दिवशी गुरुजींनी शाळेला पेढे वाटले आणि बिसनभाऊला मुद्दाम दोन दिले. मग पगार मनिऑर्डरने येऊ लागला. पहिल्या वेळी गुरुजी पोस्टमास्तर म्हणून अडून बसले. पैसे घेणाऱ्याची ओळख पटली पाहिजे! शेवटी मी साक्ष दिली, की बोरकुटे हेच बोरकुटे. भत्ताही मिळाला. मोठा नव्हता, पण चिंचेखालचे म्हातारे हेडमास्तर म्हणाले, "पयल्यांदा वाटलं का आपन कोनीतरी आहो."

सगळ्यांत शेवटी घर मंजूर झालं. शाळेला लागूनच, दोन खोल्यांचं. गावाने लाकूड वाहून आणलं, माती तुडवली. आणि गुरुजींनी सुताराचा जीव नकोसा केला. खिडकी त्यांना कशीही चालणार होती, चूल कुठेही. पण दार! फळ्यांमध्ये फट नको. कडी आतूनही पाहिजे, बाहेरूनही. भिंती कमरेएवढ्या झाल्या होत्या आणि दार तयार होऊन मोहाला टेकून उभं होतं.

"गुरुजी, भिंतीआधी दार?" मी थट्टेने विचारलं. "हे कोणत्या खात्यात बसतं?"

ते दारावरून हात फिरवत राहिले.

"लग्न झालं तवा गुरुजीनले मी इथीच आनलं होतं," ते म्हणाले. गुरुजीन म्हणजे त्यांची बायको. सुट्ट्यांत ते नागभीडला जातात हे मला ठाऊक होतं. कोणाकडे, हे मी कधी विचारलं नव्हतं. "शाळेच्या मांगच्या कोपऱ्यात पडदा लावून राहत होतो. सकायी पोरं येत. एखादं पोट्टं पडदा सारून पाहे, गुरुजीन काय करून राह्यली म्हनून. रातच्याले पाहुना अधिकारी असला तं तिनं हलायचंही नाई. एक पावसाळा काढला तिनं. मंग म्हने, मी तुमच्यावर रुसली नाई, पन मले दार पायजे. बस, एवढंच मांगलं. थे नागभीडले माहेरी गेली. पोरगी तिथीच झाली."

मी दाराची दुसरी बाजू धरली आणि आम्ही ते सावलीत नेऊन ठेवलं.

दिवाळीनंतर बैलगाडी आली. गुरुजीनबाई उतरल्या. उंच, शांत बाई. सामानाकडे न बघता त्या आधी दारापाशी गेल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. गुरुजी अंगणात ट्रंक धरून उभे होते. बराच वेळ दार उघडलं नाही, आणि त्यांनी ते वाजवलंही नाही. माणसाच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी क्वचित पाहिलं असेल.

मुलगी कुसुम तिसरीत दाखल झाली. बापाला तिने फक्त सुट्टीतला पाहुणा म्हणून पाहिलं होतं. वर्गातली सगळी पोरं म्हणतात म्हणून तीही त्यांना "गुरुजी" म्हणू लागली. शाळेत ठीक होतं, पण ती घरीही तेच म्हणे. गुरुजी हसून घेत. एकदा फळा पुसता पुसता मला म्हणाले, "पोरीचं काही चुकत नाई, मास्तर. तिले तरी काय माहीत?" आणि पुसलेला फळा पुन्हा पुसत राहिले.

थंडी सरत आली होती. एके दुपारी आम्ही चौथीला एकत्र गणित घेत होतो. तिसरीसकट बाकीचे वर्ग लवकर सुटले होते. गुरुजी फळ्यावर त्रैराशिक मांडत होते, अर्धं मांडून झालं होतं. तेवढ्यात बाहेरून खणखणीत आवाज आला.

"बाबा! आई म्हंते जेवाले या!"

खडू फळ्यावरच थांबला. गुरुजींनी वळून पाहिलं नाही. कुसुमने पुन्हा हाक मारली, "ओ बाबा! भात थंडा होऊन राह्यला!"

"आलो गं माय," ते म्हणाले. त्यांनी खडू माझ्या हातात दिला, उपरणं खुंटीवरच विसरले आणि चालत नव्हे, पळत गेले. इतक्या वर्षांत मुलांच्या आधी ते शाळेतून घरी पहिल्यांदाच निघाले असतील.

त्रैराशिक मी पूर्ण केलं. घंटा दिली, पोरं सोडली आणि शाळेला कुलूप लावलं. घराचं दार उघडंच होतं. आतून तिघांचं एकदम बोलणं ऐकू येत होतं.