पडद्याची उलटी बाजू

"भरतकाम बघायचंय? मग आधी उलटून बघा!" असं थोरली दर गुरुवारी सांगे. सुलट बाजू काय, कोणीही देखणी करतं; बाईची खरी अब्रू मागच्या बाजूला! तिथे गाठी दिसल्या, दोरे लोंबले, की समजावं बाई कामचुकार. आणि स्वतःच्या कामाबद्दल तिचं मत विचाराल, तर "माझी उलटी बाजू लोक सुलट समजून टांगतात!" यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरतकाम मंडळ भरे, आणि तिथली कार्यशाळा गेली अकरा वर्षं थोरलीच घेत होती. तिनं शिकवलेल्या चौदा बायकांत तिची सख्खी जाऊही होती. घरात ती धाकटी, म्हणून मंडळातही धाकटीच. आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. आता तिचा हात असा बसला होता की बायका अडल्या की परस्पर तिच्याकडेच वळत. थोरलीला ते दिसत होतं आणि चांगलंच झोंबतही होतं.

यंदा सगळ्यांनी मिळून वाचनालयाच्या व्यासपीठासाठी पडदा भरायला घेतला. एक भलं मोठं झाड, एकेकीला एकेक फांदी. थोरलीनं त्यातच एक टूम काढली. उद्घाटनाच्या दिवशी बाजारातल्या जुन्याजाणत्या शिंपीमास्तरांनी पडदा उलटून बघायचा, आणि जिची मागची बाजू सगळ्यात स्वच्छ, तिनंच पुढची कार्यशाळा घ्यायची. एकदाचा निकाल लागलेला बरा! निकाल कोणाच्या बाजूनं लागणार, याबद्दल तिला शंकाच नव्हती.

उद्घाटन पाचला होतं. चार वाजले तेव्हा फक्त खालचे दोन कोपरे उरले होते. डाव्या कोपऱ्यात थोरलीचा खंड्या पक्षी, उजव्यात धाकटीची खार. पडदा मधल्या बाकांवर पसरलेला, दोघी दोन टोकांना आपापला कोपरा मांडीवर घेऊन बसलेल्या. थोरलीनं शेवटचा टाका घातला, दोरा तोडला आणि कापड ताणून धरणारी लाकडी रिंग ऐटीत वर उचलली.

रिंगेबरोबर तिचा नवा कुर्ताही वर आला!

तिनं पुन्हा खाली-वर करून पाहिलं. संशयाला जागाच नव्हती. शेपटीपासून चोचीपर्यंत अख्खा खंड्या तिनं कुर्त्यासकट भरला होता, तोही तिच्या प्रसिद्ध बारीक टाक्यानं! हसं होईल ते होईल, पण तिचा गुरुवार जाणार होता. गुरुवार नसेल तर आठवड्यात उरलं काय? तिला एकदम रडूच यायला लागलं.

"झालं का हो? पडदा टांगायचाय!" मंडळातल्या निवृत्त नर्सबाई दारातून ओरडल्या.

"बारीकसं राहिलंय!" थोरली म्हणाली.

"माझंही!" पलीकडून धाकटी म्हणाली.

थोरलीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. धाकटीच्या हातात सुईसुद्धा नव्हती. म्हणजे बया नुसती पाळत ठेवून बसली होती!

दहा मिनिटं गेली. कोणी उठेना. नर्सबाई आत आल्या, दोघींचे पडलेले चेहरे पाहिले आणि त्यांनी निदान करून टाकलं.

"गुडघे धरलेत! आणि दोघींचे एकदम! घरातच काहीतरी असणार तुमच्या. थांबा, चौघींना बोलावते, काखेत हात घालून उचलू!"

"नको!" दोघी एकदम किंचाळल्या.

"मग शेक तरी देऊ या. हलायचं नाही हं!" असं बजावून नर्सबाई गरम पाण्याची पिशवी शोधायला धावल्या. हलायचं नाही, ही सूचना तंतोतंत पाळली गेली.

"तू जा की बाहेर," थोरली म्हणाली.

"आधी तुम्ही उठा ना, ताई."

"मी मोठी आहे. तू ऊठ!"

"नाही उठता येत हो मला," असं म्हणून धाकटीनं रडवेल्या तोंडानं रिंग उचलली. खारीबरोबर तिचा पिवळा कुर्ताही वर आला.

थोरलीचं काळीज सुपाएवढं झालं. जिंकले! मग तिची नजर स्वतःच्या मांडीकडे गेली. तिनंही मुकाट्यानं आपली रिंग उचलून दाखवली. आणि दोघी अशा खिदळल्या की पडद्यावरचं झाड वादळात सापडल्यासारखं हललं!

खुर्च्या सरकवत त्या एकमेकींजवळ आल्या. थोरली खार उसवायला बसली.

"काय गं हा टाका! सुटता सुटेना!"

"तुम्हीच शिकवलाय की."

थोरलीला ते फार आवडलं. शेवटी वीस मिनिटं उरली तेव्हा तिनं छोटी कात्री घेतली आणि धाकटीच्या कुर्त्याचा तळहाताएवढा तुकडा कापून तिला मोकळं केलं. धाकटीनंही तिला तसंच सोडवलं. आत सलवारी होत्या म्हणून निभावलं! मग पडद्यामागच्या तुकड्यांच्या कडा दुमडून दोघींनी त्या इतक्या सफाईनं शिवल्या की दोन्ही तुकडे मुद्दाम लावल्यासारखे दिसू लागले.

पाच वाजता दोघी व्यासपीठापाशी उभ्या होत्या, वाचनालयाच्या शब्दकोशाचा एकेक जाडजूड खंड कुर्त्यातल्या भोकासमोर धरून. नर्सबाई पिशवी घेऊन मागे उभ्याच होत्या. शिंपीमास्तरांनी पडदा उलटला. एका कोपऱ्यात जांभळा तुकडा, दुसऱ्यात पिवळा.

"हे काय?"

"अस्तर!" धाकटी म्हणाली. "कोपऱ्यांना ओढ बसते ना, मास्तर."

"दोघींना एकदम सुचलं?"

"अकरा वर्षं ताईंकडे शिकतेय. सुचणारच!"

मास्तरांनी जांभळा तुकडा पाहिला, मग थोरलीचा जांभळा कुर्ता पाहिला, मग तो शब्दकोश. चष्मा काढून त्यांनी तो बराच वेळ पुसला.

"एवढं पक्कं काम मी जन्मात पाहिलं नाही," ते म्हणाले. "कार्यशाळा दोघींनी मिळून घ्यावी."

टाळ्या पडल्या! थोरलीनं धाकटीच्या पाठीवर हात ठेवला. दुसरा हात शब्दकोशातून मोकळा नव्हता. तेवढ्यात एक पाहुण्या बाई वही-पेन सरसावून पुढे आल्या.

"मला नाव द्यायचंय! ते मागचं अस्तर शिकवणार ना?"

"शिकवू की," थोरली शब्दकोश घट्ट धरत म्हणाली. "फक्त येताना कपडे जुने घालून या."