सक्करदऱ्याचा थंडावा

मे महिन्यात अख्खं नागपूर पंचेचाळीस अंशांच्या वर तापलं होतं आणि एकटा सक्करदरा अडतीसवर गार बसला होता. महापालिकेच्या उष्मा कक्षाच्या पडद्यावर सगळ्या वस्त्यांचे ठिपके लालभडक दिसत, सक्करदऱ्याच्या तळ्याजवळचा एकच ठिपका हिरवा. त्या ठिपक्यामागचं तापमान मोजायचं यंत्र बसवलं होतं सुमंतनं. तो कंत्राटी सहायक होता आणि त्याचं कंत्राट एकतीस मेला संपत होतं.

यंत्र बिघडलं असावं अशी शंका त्याला पहिल्याच दिवशी आली होती. पण कक्षाच्या प्रमुख वैदेही मॅडम तो ठिपका पाहून हरखल्या. वर्षभरापूर्वी त्यांच्याच सहीनं तळ्याकाठी चारशे रोपं लागली होती. त्यातली निम्मी बकऱ्यांनी खाल्ली आणि उरलेली गुडघ्याच्या वर गेली नव्हती, पण श्रेय घ्यायला तेवढी पुरेशी होती. त्यांनी मुंबईला कळवलं, आणि आठवड्याभरात डॉ. गार्गी नावाच्या शास्त्रज्ञ बाई तो थंडावा बघायला निघाल्या. सगळ्या शहरांसाठीचं उष्म्याचं धोरण म्हणे याच ठिपक्यावरून ठरणार होतं. "तुझ्या कंत्राटाचं मी बघते," असं मॅडमनी सांगितलं, तशी सुमंतनं शंका गिळून टाकली.

यंत्र महिन्यातून एकदा जागेवर जाऊन तपासायचं, असा नियम होता. सुमंतनं तो घरी कूलरसमोर बसून पाळला होता. आज मात्र बाई येणार म्हणून तो यंत्राची डबी पुसायला दुपारी बारालाच सक्करदऱ्यात पोचला.

खांब होता सिंधूताईंच्या अंगणात. सिंधूताई स्टुलावर उभ्या राहून लोट्यानं पाणी ओतत होत्या, आणि यंत्राच्या पांढऱ्या डबीला सुतळीनं बांधलेलं ओलं पोतं थेंब थेंब गळत होतं. ते पाहून सुमंत धावतच स्टुलापाशी गेला.

"काकू, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"दिवसातून चारदा ओलं करतो गा," सिंधूताई कौतुकानं म्हणाल्या. "तूच तं म्हणला होता नं, मशीन जपा, बिघडली तं माही नोकरी जाईन. एवढ्या उन्हात बिचारी उघडी कशी ठेवू?"

म्हणाला होता खरा. यंत्र बसवताना पोरं चेंडू मारतील या भीतीनं सुमंतनं अगदी हात जोडून सांगितलं होतं, आणि या माउलीनं ते मनावर घेतलं होतं. आता पोतं काढावं तर आकडा बाईंच्या डोळ्यांदेखत चढणार, ठेवावं तर पोतंच दिसणार. काहीही केलं तरी कंत्राट गेलंच! त्यानं काकूंना निदान गप्प राहा म्हणून विनवलं. चांगलं काम केलं तर लपवायचं काहून, हे काकूंना समजेना. तेवढ्यात गाडी दारात थांबली.

सुमंत खांबाला पाठ लावून उभा राहिला. वैदेही मॅडम रोपांबद्दल बोलत पुढे आल्या. गार्गीबाईंनी रोपांकडे पाहिलंही नाही. त्या सरळ सुमंतसमोर आल्या, कारण वरून त्याच्या डोक्यावर पाणी ठिबकत होतं. त्याला बाजूला सारून, स्टुलावर चढून त्यांनी पोत्याला हात लावला, पोतं सोडलं आणि मोबाइलवर यंत्राचा आकडा उघडून उभ्या राहिल्या.

अडतीस. चाळीस. बेचाळीसला मॅडमनी पदरानं कपाळ पुसलं. चव्वेचाळीसला सुमंत दोन पावलं मागे सरला. पंचेचाळीसचा आकडा लागला आणि सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले. नियमच तसा होता. वस्तीतल्या यंत्रानं पंचेचाळीस गाठलं की निरोप आपोआप सुटे आणि तिथल्या सफाई कामगारांना त्याच मिनिटाला सुट्टी मिळे. साऱ्या शहरात ती रोज मिळत होती. सक्करदऱ्यात आज पहिल्यांदा मिळाली.

पाच मिनिटांत फाटकातून प्रीती आली, सिंधूताईंची सून. ती याच रस्त्यावर झाडायला होती. डोक्याला दुपट्टा, तोंड भाजून निघालेलं, हातात खराटा. दारातली गर्दी पाहून ती दचकली आणि आज लवकर काहून सोडलं, म्हणून सासूलाच विचारू लागली. गार्गीबाईंनी तिला दोन वाक्यांत सगळं समजावलं.

सिंधूताईंच्या हातातला लोटा खाली आला. "म्हणजे महिनाभर मी त्या डबीले गार ठेवत होती अन् हिले उन्हात?"

मॅडमना आता जबाबदार माणूस सापडायला हवा होता. हा प्रकार कोणाच्या चुकीनं झाला, असं त्यांनी सुमंतकडे बघत चढ्या आवाजात विचारलं. सुमंतनं मान खाली घातली. त्याला खरोखर लाज वाटत होती, आणि या वेळी कंत्राट त्याच्या डोक्यातही नव्हतं. आपण तपासायला आलोच नाही, हे त्यानं कबूल करून टाकलं.

"त्याले काहून बोलता, बाई?" सिंधूताई मध्ये पडल्या. "मशीन जपा म्हणून सांगाले माणूस आला होता. सून जपा म्हणून तुमच्यातून कोणी आलं होतं काय?"

वैदेही मॅडम तळ्याकडे पाहू लागल्या. ओलं पोतं किती वेळ गार राहतं, किती पाणी लागतं, हे सगळं गार्गीबाईंनी सिंधूताईंना विचारून वहीत उतरवून घेतलं.

धोरण खरंच सक्करदऱ्यावरून ठरलं. झाडणाऱ्या बायांसाठी चौकाचौकांत ओल्या पोत्यांचे मांडव उभे राहिले. गार्गीबाईंच्या सांगण्यावरून सुमंतचं कंत्राटही वर्षभर वाढलं, मात्र काम एकच: शहरातल्या प्रत्येक यंत्राखाली स्वतः जाऊन पाटी ठोकायची, 'या यंत्राची काळजी घेऊ नये.'

पहिली पाटी सक्करदऱ्यात. ऐन दुपारी तो खिळा ठोकत असताना मागून एक गारेगार ओलं पोतं त्याच्या डोक्यावर येऊन पडलं.

"मशीनले नको, असं लिहिलं आहे नं?" सिंधूताई पाटीकडे बोट दाखवत म्हणाल्या. "माणसाचं तं त्यात काही लिहिलं नाही."