हॉर्नबीची अंबाडी

छाटलेलं झाड आणि सेवानिवृत्त माणूस, या दोघांना मोकळं सोडू नये. दोघांनाही नको तिथून फुटवे येतात. कृषी खात्याने हा सिद्धांत अद्याप स्वीकारलेला नाही; पण क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी उपनगरात तो एका वर्षात निर्विवाद सिद्ध झाला. सिद्ध केला मोरेश्वररावांनी, आणि तो ज्यांच्या लाँड्रीत सिद्ध झाला त्या त्यांच्या सूनबाई विनिता, व्यवसायाने फार्मासिस्ट.

विनिताच्या फार्मसीत एक पोलादी कपाट होतं. त्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं गांजाचं औषधी तेल असे. बाटली काढायची तर किल्ली, रजिस्टर, मोजणी, सही आणि दुसऱ्या माणसाची सही. एकदा चमचाभर तेल सांडलं तेव्हा तिने दीड पान खुलासा लिहिला होता, आणि तो वाचून तिची तिलाच धन्यता वाटली होती. दरवर्षी मार्चमध्ये नोंदणीचं नूतनीकरण करताना 'माझं वर्तन निष्कलंक आहे' या वाक्याखाली ती सही करी. ती नोंदणी गेली तर नोकरी जाणार, घराचा हप्ता बुडणार, आणि अकरा वर्षं रात्रपाळ्या करून मिळवलेलं सगळं पाण्यात. त्यामुळे ती सिग्नलला पिवळा दिवा लागायच्या आधीच थांबे.

मोरेश्वररावांनी तेहतीस वर्षं कृषी खात्याच्या आकडेवारी शाखेत काढली. नऊ तालुक्यांचं पीकक्षेत्र त्यांना तोंडपाठ होतं. प्रत्यक्ष पीक त्यांनी पाहिलं नव्हतं. (पीक पाहिलं की आकडे चुकतात, असं त्यांचं अनुभवसिद्ध मत होतं.) मुलाकडे कायमचे राहायला आल्यापासून ते दिवसातून चार वेळा फिरायला जात आणि परत येऊन 'इथे काही नाही' असा अहवाल देत.

एप्रिलमध्ये मात्र त्यांना काहीतरी सापडलं. शेजारचा ट्रेव्हर हा पाठदुखीने घरी बसलेला छपरं शाकारणारा माणूस. भर थंडीत जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपा, घालून फिरे. त्याने शेडमागची दोन झुडपं कापली आणि एकाचा मुळासकट खुंट बागेच्या कचऱ्याच्या हिरव्या बिनमध्ये टाकला. खुंटाच्या बुडाशी चार पानं शिल्लक होती.

"अगं सूनबाई, जीव आहे अजून याच्यात!" म्हणत मोरेश्वरराव खुंट कडेवर घेऊनच घरात आले.

विनिताने लाँड्रीत, म्हणजे घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत, जागा दिली. घरातलं माणूस आनंदात राहणार असेल तर एक खुंट काय जड आहे! गरम पाण्याच्या टाकीशेजारी, चोवीस तास दिव्याखाली खुंट राहिला, आणि दीड महिन्याने त्याला पालवी फुटली. कापणीनंतर जगवलेलं हे झाड आधी वेडीवाकडी, एकेकटी पानं काढतं. त्यावरून कूळ सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. मग तीन बोटांचं पान आलं. मग पाच बोटांचं. मोरेश्वररावांचे डोळे भरून आले.

"अंबाडी!"

न्यूझीलंडमध्ये मराठी माणसाला सगळं मिळतं. मेतकूट मिळतं, कुळथाचं पीठ मिळतं, अप्पर हट गावात एक बाई पुरणपोळ्यासुद्धा देतात. अंबाडीची भाजी तेवढी मिळत नाही. त्यामुळे शंका घ्यायला कोणी तयारच नव्हतं. कण्या घालून, वर लसणीची फोडणी ओतून पहिली भाजी झाली, तेव्हा विनिताचा नवरा विवेक एवढंच म्हणाला, "बाबा, आंबट नाही लागत."

"परदेशात आल्यावर आंबटपणा कमी होतोच," मोरेश्वरराव म्हणाले. "माणसांचं बघ की!"

हे खरंच होतं. भाजी सुरू झाल्यापासून घरातली रविवारची भांडणं सरासरी तीनवरून शून्यावर आली. विवेक दुपारभर खोली गरम करणाऱ्या हीट पंपाकडे पाहून मंद हसत बसे. त्याला विश्रांतीची गरज होती, असा निष्कर्ष निघाला.

सप्टेंबरात, म्हणजे तिकडच्या वसंतात, मोरेश्वररावांनी फांद्या कापून पन्नास कुंड्यांत लावल्या. त्रेचाळीस जगल्या. शहाऐंशी टक्के यश. (खात्यात असताना त्यांनी याहून मोठे आकडे दिले होते, पण हा खरा होता.) कुंपणावरून ट्रेव्हरने पाहिलं आणि त्याला कोण आनंद झाला! "गुड ऑन यू, मॉरी! हीप्स ऑफ देम!" मग आवाज खाली आणून त्याने सांगितलं, रस्त्याकडून दिसू देऊ नकोस. या गोऱ्या माणसालाही दृष्ट लागणं कळतं, याचं मोरेश्वररावांना फार कौतुक वाटलं. त्यांनी कुंड्यांवर लिंबू-मिरची बांधली.

जानेवारीत तिथल्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. अध्यक्षा निवेदिताताईंनी पर्यावरणपूरक वाणाचा ठराव मांडला. आदल्या तीन वर्षांची वाणं अनुक्रमे प्लास्टिकची चाळणी, प्लास्टिकचा डबा आणि त्या डब्याचं झाकण अशी असल्याने ठराव एकमताने मंजूर झाला. त्रेचाळीस बायकांना हळदकुंकू, तिळगूळ आणि अंबाडीची एकेक कुंडी. त्यांत सहा नर्सेस होत्या, दोन डॉक्टर आणि एक व्हिसा सल्लागार. विनिता दाराशी बसून प्रत्येकीचं नाव, फोन आणि घरचा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहून घेत होती.

सदतिसाव्या नावाला तिची नजर हातातल्या पेनवर गेली. ते गांजाच्या औषधी तेलाच्या कंपनीच्या माणसाने फार्मसीत फुकट वाटलेलं पेन होतं. त्यावर कंपनीचं चिन्ह होतं, पाच बोटांचं हिरवं पान. तिने पेन पाहिलं. कुंडी पाहिली. परत पेन पाहिलं. अगं बाई गं! उरलेल्या सहाजणींनाही तिने कुंड्या दिल्या, कारण यादी अर्धवट ठेवणं मंडळाच्या शिस्तीत बसत नाही.

त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर निवेदन गेलं: 'पानांवर कीड आढळल्याने सर्व वाण त्वरित परत करावे.' चार दिवसांत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस कुंड्या विनिताच्या गॅरेजमध्ये जमा झाल्या. असा प्रतिसाद मंडळाच्या वर्गणीलाही कधी मिळालेला नाही. प्रत्येक रोपाचा शेंडा मात्र कोणीतरी तिरका, स्वच्छ कापून घेतलेला होता. विनिताने ते पाहिलं आणि गॅरेजचा दिवा घालवला.

मोरेश्वररावांना तिने खरं सांगितलं तेव्हा त्यांनी गॅरेजमधल्या कुंड्या पुन्हा एकदा मोजल्या. मग म्हणाले, "शहाऐंशी टक्के आले होते गं."

सोमवारी दुपारी दारात पोलीस उभा राहिला. तरुण, नम्र. "किया ओरा," तो माओरीत नमस्कार करत म्हणाला. गल्लीत वास येतो अशी कोणीतरी फेसबुकवर तक्रार केली होती. तुम्हाला काही जाणवलं का? गॅरेजचं दार त्याच्या उजव्या खांद्यापासून दोन हातांवर होतं. कपाळावर गंध लावलेले मोरेश्वरराव तिळगुळाची वाटी घेऊन पुढे आले. पोलिसाने दोन वड्या घेतल्या. अशा घराबद्दल शंका घेणं त्याच्या मनाला पटेना. तो सहज म्हणून विचारत होता, पाठ फिरवायच्या बेतातच होता. विनिता 'नाही' एवढंच म्हणाली असती तरी तो गेला असता.

पण तिला मार्च दिसत होता. तो फॉर्म, ते वाक्य, ती सही. तिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. फक्त हात उचलला आणि कुंपणापलीकडे दाखवला.

ट्रेव्हरकडे यंदाची दोन झाडं निघाली. वीस वर्षांपूर्वीचा एक गुन्हाही निघाला, आणि ते कळल्यावर घरमालकाने घर सोडायची नोटीस दिली. त्रेचाळीस कुंड्या त्याने कुंपणावरून रोज पाहिल्या होत्या. शेजारी लोक कसे आहेत, असं पोलिसांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लव्हली पीपल." सामान ट्रेलरवर चढवताना त्याची पाठ धरली. कोणी मदतीला गेलं नाही. मोरेश्वरराव निघाले होते, पण विनिताने त्यांना आत बोलावलं. चहा गार होत होता.

मार्चमध्ये तिची नोंदणी रीतसर झाली. परिसरातल्या सतर्क नागरिक म्हणून मंडळाने तिला शाल आणि श्रीफळ दिलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्रेचाळीसजणी होत्या, आणि त्यांच्या घरी सध्या भाजी चांगली निघते आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही तिच्या जागी असतो तर असं मुळीच केलं नसतं. नक्कीच. त्या सोमवारी दुपारपर्यंत विनिताही अगदी हेच म्हणत होती.