सोपानरावांच्या दुसऱ्या बैलाची बखर

श्री क्षेत्रपाळ देव प्रसन्न. ज्या काळ्या आईने राजा आणि रयत दोघांसही एका पदराखाली घेतले तिला नमन करून, ऐकिले पाहिले ते यथामति लिहितो. अधिकउणे असेल ते श्रोत्यांनी पोटात घालावे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, आश्विन मास. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण लिहिले तरी वाचणारास ते आपलेच वाटणार. तर त्या राज्यात हुजुरांच्या ध्यानी आले की रयतेस द्यावयाचा पैसा वाटेत फार झिजतो, वरून निघतो तेव्हां हत्ती असतो आणि दारी पोहोचतो तेव्हां उंदीर होतो. मग हुजुरांनी आज्ञा केली की पैसा थेट शेतकऱ्याच्या नावे पेढीवर घालावा, मध्ये कोणी हात लावू नये. आणि त्याप्रमाणे खजिना घोड्यावाचून, शिपायावाचून, वाऱ्यावरून येऊ लागला, आणि रयतेच्या खिशातील यंत्र 'टुंग' ऐसे वाजले की हप्ता दाखल जाहला ऐसे समजावे. लोक त्या आवाजास देवळातल्या घंटेहून अधिक मान देऊ लागले.

त्या राज्यात माळाकाठी सोपानराव नामे शेतकरी राहात असत. काळे रान थोडके, घर पत्र्याचे, पदरी सरूबाई ऐशी जाणती बायको, आणि गोठ्यात पाखऱ्या नामे एक बैल. बैल एकच. आणि शेजारी ठकूबाई, ज्यांस सर्व गाव आक्का म्हणे, त्यांचे रान बांधास बांध लागून. त्यांचे यजमान कधीच वारले होते, आणि त्यांच्या गोठ्यात हरण्या नामे एक बैल. तोही एकच. म्हणोन उभय घराण्यांत फार वर्षांपूर्वी सावडीचा तह जाहला होता, की याचा एक आणि तिचा एक मिळून जोडी करावी, आणि पेरणीस एका साली आक्कांचे रान आधी, दुसऱ्या साली रावांचे आधी. पाखऱ्या उजव्या अंगास, हरण्या डाव्या अंगास, ऐसे ते चालत, आणि चालता चालता एकमेकांच्या मानेवरच्या माश्या हाकलीत. परंतु मागून पेरणाऱ्याचे दुःख मागून पेरणाराच जाणे. आश्विनाचे ऊन पडले की रानातली ओल पाहता पाहता खाली उतरते, आणि आधी पेरिले त्याची ज्वारी कमरेला लागते तेव्हां मागल्याची गुडघ्याशी रडत असते. रावांस ते फार लागे. आपल्या ओलीसाठी दुसऱ्याच्या दारी पाळी लावावी लागते, याची त्यांस लाज वाटे, आणि आपली स्वतःची जोडी असावी ऐशी एकच हौस त्यांनी जन्मभर धरिली होती. ती हौस वाईट होती ऐसे कोण म्हणेल?

मग हप्ते येऊ लागले. रावांनी एकही मोडला नाही. सण आले, पाहुणे आले, चपलेचा अंगठा तुटला तो तारेने बांधिला, परंतु पेढीवरचा पैसा हलविला नाही. आक्कांचे यंत्र मात्र कधी वाजले नाही, कारण त्यांचे रान अजून मयत सासऱ्याच्या नावे होते आणि दीर सही देत नव्हते. हुजुरांस कागदावर मेलेला सासरा दिसे, जिती सून दिसेना. या सालची पाळी आधी पेरण्याची आक्कांची होती. राव ते जाणून होते, आणि जाणूनच हस्ताचा पाऊस उघडताच पेढीवरून पैसा काढून बैलबाजारावर कूच करते जाहले. सरूबाईंनी उंबऱ्यात आडवे येऊन विचारिले,

"आवं, आक्कांच्या कानावर घातलं का?"

"बैल आणल्यावर घालतो की."

"आणल्यावर सांगाया ते काय बारसं हाय?"

राव बाजूने वळसा घालून वाटेस लागले. बाजारी त्यांनी एक बैल पाहिला, आणि पाहताच मन बसले, कारण तो पाखऱ्याचीच प्रत होता. तैसेच वशिंड, तैशीच शिंगे, तैशीच मान किंचित तिरपी धरण्याची ढब. राव तेथेच विकले गेले. मग त्यांनी दात पाहिले, खूर पाहिले, भोवरे पाहिले, मारका आहे काय ते विचारिले, आजारी होता काय ते विचारिले, आणि हातावर रुमाल टाकून सौदा केला. परंतु बैल कोणत्या अंगास चालतो, हे विचारावयाचे राहिले. आता कोणी म्हणेल, येवढा शेतकरी आणि येवढी चूक? तर सांगतो. ज्याच्या घरी जन्मभर एकच बैल, त्यास डाव्या बाजूची चिंता कधी करावी लागलीच नाही. ती बाजू रोज सकाळी शेजारून आपोआप चालत येई.

बैलाचे नाव बहाद्दर. त्यास गुलाल लावून, गळ्यात घुंगुरमाळ घालून राव गावात दाखल जाहले. सरूबाईंनी बैलाच्या पायांवर पाणी घातले, ओवाळिले, परंतु तोंडावर हसू आले नाही. घुंगरांचा आवाज ऐकून आक्का बांधावरून आल्या. हातात भाकरी आणि गुळाचा खडा. बहाद्दराच्या तोंडी घास दिला, पाठीवरून हात फिरविला, आणि म्हणाल्या,

"ब्येस हाय रं सोपाना जनावर. आता तुझी जोडी झाली."

येवढेच. पाळीचे नाव काढिले नाही, हरण्याचे नाव काढिले नाही, आणि आल्या तैशा परत गेल्या. रावांनी कोणी तोंडात मारल्यासारखी मान खाली घातली, आणि त्या माउलीने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरे होते ऐसे त्यांस वाटले.

दुसरे दिवशी तिफण जुंपिली. पाखऱ्या उजव्या अंगास गेला. बहाद्दरही उजव्या अंगास गेला. राव त्यास डावीकडे ओढीत, तो पुन्हा वळसा घालून उजवीकडे येऊन उभा राही, आणि पाखऱ्या आपली जागा सोडीना. एका पालखीला दोन नवरदेव ऐसा प्रकार जाहला. जोराने जुंपिले तेव्हां दोघेही एकमेकांस रेटू लागले, तिफण वाकडी, पेरणीचे तास वाकडे, बियाणे एकीकडे गच्च आणि एकीकडे नाही. बैलास नवे अंग शिकविण्यास महिना लागतो आणि ओल महिना थांबत नाही. मग रावांनी भाड्याचे लोखंडी रेडे, जे तेल पिऊन चालतात, ते मागवू पाहिले. तो हप्ता सर्वांचा एकाच वेळी आला होता आणि सर्वांनी रेड्यांस एकाच वेळी बोलाविले होते, म्हणोन रेडेवाला फोनच घेईना. आणि घेता तरी भाड्यास पैका कोठे होता? तो सारा बहाद्दर होऊन दारी रवंथ करीत होता. ऊन वाढत गेले. राव ढेकूळ उचलून मुठीत दाबीत, आणि ते रोज थोडे अधिक भुगा होऊन सांडे.

सरूबाई म्हणाल्या, "जावा, हरण्या मागा."

"कुठल्या तोंडानं?"

"ज्या तोंडानं भाकर खाताय त्याच तोंडानं. काय तोंडं दोन हाईत?"

मग राव घुंगुरमाळ नाही, गुलाल नाही, ऐसे पायी आक्कांच्या रानात गेले. तेथे पाहतात तो आक्का एकट्या, पदर खोचून, कुदळीने खड्डा करीत, त्यात ज्वारीचे दाणे टाकीत आणि टाचेने माती लोटीत चालल्या होत्या. सकाळपासून काम करून उरकले होते ते येवढे, की त्यावर एक घोंगडी अंथरावी. हरण्या बांधावर मोकळा उभा. राव जे शब्द जुळवून आणिले होते ते सर्व विसरले.

"आक्का, चुकलं," इतकेच म्हणाले.

आक्कांनी कंबर सरळ केली. राग होता, तो त्यांनी झाकला नाही.

"चुकलं न्हवं, मला सांगितलं न्हाईस. बैल घेतलास त्याचा मला आनंदच हाय. सरकारचा पैका तुझ्या घरी आला, माझ्या न्हाई आला, त्यात तुझा काय दोष? पर ओल दोघांच्याबी रानात आली हुती की रं. ती तू वाया घालिवलीस. तुझीबी आन् माझीबी."

रावांनी त्यांच्या हातची कुदळ घेऊन बांधास टेकविली. मग ते म्हणाले, "पाळी तुमची हाय. आधी तुमचं पेरतो. ऱ्हायली ओल तर माझं."

मग पाखऱ्या उजव्या अंगास आणि हरण्या डाव्या अंगास जुंपिला. दोघे एकमेकांस हुंगून ऐसे चालिले की जणू काही जाहलेच नव्हते. राव तिफणीमागे, आक्का चाड्यावर बियाण्याची मूठ धरून, आणि पाखऱ्या थकला की बहाद्दर त्याच्या जागी येई. हरण्यास मात्र बदली नव्हती, तो बिचारा एकटा डावी बाजू ओढीत राहिला. रान निम्मे जाहले, आणि आक्कांनी ओटीतले बी चाचपिले, वाकून माती पाहिली, आणि तिफण थांबविली.

"का वो आक्का?"

"तिफण वळीव तुझ्या रानाकडं."

"अजून निम्मं हाय तुमचं."

"दिसतंय मला. पुरं माझं केलं तर तुझा एक दाणा उगवायचा न्हाई. सरू काय खाईल? वळीव म्हणते तर वळीव!"

राव तेथेच तासात उभे राहून रडले. येवढा पुरुष, दोन बैलांचा धनी, परंतु रडले, आणि बखरीत ते लिहावयास आम्हांस लाज वाटत नाही. त्या साली दोन्ही राने निम्मी पेरली गेली आणि निम्मी पडीक राहिली. दोन्ही घरी कणग्या निम्म्या भरल्या. कोणी उपाशी राहिले नाही, कोणी ढेकरही दिला नाही.

पुढे गावातले शहाणे रावांस म्हणत, उजवा द्यावा आणि डावा घ्यावा, जोडी पुरी होईल. राव म्हणत, "बघू पुढच्या बाजारी." बाजार येई आणि जाई. राव गेले नाहीत. मग पुन्हा टुंग जाहले, हप्ता आला, आणि राव त्या दिवशी पेंडीचे पोते खांद्यावर घेऊन येताना लोकांनी पाहिले. ते आपल्या दारावरून पुढे गेले आणि आक्कांच्या गोठ्यात उतरले. पुढल्या हप्त्यासही तैसेच.

मग हुजुरांस इच्छा जाहली की दिलेल्या द्रव्याचे रयतेने काय केले ते पाहावे, म्हणोन एक कारकून गावोगाव पाठविला. तो रावांच्या दारी बसला, चहा घेतला आणि विचारता जाहला, "हप्ता कशाला लागला?"

"बैलाच्या खुराकाला."

कारकुनाने गोठ्यात डोकावून दोन्ही बैल पाहिले, दोघांच्या बरगड्या मोजता येत होत्या. मग त्याची नजर बांधापलीकडे गेली, तेथे हरण्या तुकतुकीत उभा होता.

"खुराक तर तो खातोय. तो बैल कुणाचा?"

सरूबाई चुलीपासून उठून दारात आल्या. रावांनी हरण्याकडे पाहिले, आक्कांच्या घराकडे पाहिले, आणि म्हणाले,

"जोडीचा हाय, सायेब."

ऐसे हे वर्तमान. हुजुरांनी पैसा सरळ दारी पाठविला हे उत्तम केले, आणि ज्या दारी तो गेला नाही तेथे तो शेजाऱ्याच्या खांद्यावर बसून गेला. इति.